टस्कीगीचे दोन विमानतळ

१९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने अलाबामा राज्यातल्या टस्कीगी गावाजवळ एक विमानतळ बांधायला घेतला. खरं तर त्याची गरजच नव्हती. तिथून जेमतेम चाळीस मैलांवर, माँटगोमेरी शहराला लागून मॅक्सवेल फील्ड होतं आणि आग्नेय अमेरिकेतल्या वैमानिक प्रशिक्षणाचं मुख्यालयच तिथे होतं. धावपट्ट्या, वर्कशॉप, वर्गखोल्या, दवाखाना, सगळं तयार होतं. त्याच वर्षी ब्रिटिश हवाई दलासाठी इंग्लंडहून आलेल्या मुलांच्या तुकड्याही मॅक्सवेलमध्ये शिकू लागल्या. परदेशी मुलांना जागा होती. शिकागोतल्या किंवा वॉशिंग्टनमधल्या कृष्णवर्णीय पदवीधराला मात्र तिथे कॅडेट म्हणून पाऊल टाकता येत नव्हतं. त्याच्यासाठी धावपट्टी वेगळी, हँगर वेगळं, खाणावळ वेगळी, मेकॅनिक वेगळे, हवामानाचा अंदाज सांगणारा माणूससुद्धा वेगळा.

टस्कीगीच्या वैमानिकांवर चित्रपट निघाले, पुस्तकं आली, त्यांच्या विमानांची लाल शेपटं जगभर गाजली. मला त्यांच्या लढायांपेक्षा त्यांचा विमानतळ जास्त विचार करण्यासारखा वाटतो. दोन समाज एकमेकांपासून दूर ठेवायचे तर त्याला नेमका किती खर्च येतो, याचा हिशेब त्या जागेवर जितका उघड मांडला गेला तितका क्वचितच कुठे मांडला गेला असेल.

टस्कीगी हे नाव मराठी वाचकाला नवीन नाही. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ ज्यांनी वाचलं, त्यांना बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये सुरू केलेली ही संस्था, तिथली उजाड जमीन आणि तिथला भुईमूग पाठ असतो. पुस्तक मिटल्यावर त्या गावात पुढे काय झालं, याची विचारपूस मात्र फारशी होत नाही. मार्च १९४१ मध्ये हेन्री फोर्ड स्वतः टस्कीगीत आले आणि कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर यांच्या नावाच्या संग्रहालयाचं उद्घाटन करून गेले. त्याच महिन्यात गावाबाहेर विमानतळासाठी पैसे कुठून उभे करायचे, याची बोलणी चालली होती. कार्व्हर जानेवारी १९४३ मध्ये वारले. तोवर संस्थेच्या आवारातून कॅडेटांच्या तुकड्या कवायत करत जाऊ लागल्या होत्या.

पण आधी लष्कराची भूमिका पाहू. १९२५ मध्ये आर्मी वॉर कॉलेजने कृष्णवर्णीय सैनिकांच्या वापरावर एक अहवाल तयार केला होता. कृष्णवर्णीय माणूस बुद्धीने कमी, स्वभावाने भित्रा, नेतृत्वाला नालायक, असा त्याचा सूर. अभ्यास म्हणून जे लिहिलं गेलं ते निव्वळ पूर्वग्रह होते. तरी पुढची पंधरा वर्षं धोरण त्याच वळणाने चाललं. लष्कराच्या हवाई शाखेत कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता, आणि कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: आमच्याकडे कृष्णवर्णीयांची तुकडी नाही, मग तुम्हाला घेऊन ठेवणार कुठे? बेंजामिन डेव्हिस या तरुणाला हेच उत्तर मिळालं. हा मुलगा वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत चार वर्षं शिकला. त्या चार वर्षांत एकाही सहकाऱ्याने त्याच्याशी कामापलीकडे शब्द काढला नाही. जेवायला एकटा, खोलीत एकटा. तिथे असतानाच त्याने हवाई शाखेसाठी अर्ज केला. अर्ज परत आला. १९३६ मध्ये तो पदवी घेऊन बाहेर पडला तेव्हा त्याची नेमणूक पायदळात झाली आणि पुढे टस्कीगीत विद्यार्थ्यांना लष्करी शिक्षण देण्यावर.

फट पडली ती नागरी बाजूने. युरोपात युद्धाचे ढग जमू लागले तसा अमेरिकी सरकारने १९३९ मध्ये महाविद्यालयांतून नागरी वैमानिक घडवण्याचा कार्यक्रम सुरू केला. उद्या युद्ध आलंच तर विमान चालवता येणारी मुलं हाताशी हवीत, हा उद्देश. कायद्यात वर्णावरून कोणाला वगळायचं नाही, असं कलम होतं. टस्कीगी संस्थेने अर्ज केला आणि त्याच वर्षी तिला मान्यता मिळाली. संस्थेच्या तांत्रिक शिक्षण विभागाचे प्रमुख जी. एल. वॉशिंग्टन यांनी हे सगळं अंगावर घेतलं. सुरुवातीची बरीच उड्डाणं केनेडी फील्ड नावाच्या एका लहानशा मैदानावरून झाली.

१९४० मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून चार्ल्स आल्फ्रेड अँडरसन आले. सगळे त्यांना ‘चीफ’ म्हणत. पेनसिल्व्हेनियात वाढलेल्या या माणसाला उड्डाण शिकवायला कोणी तयार नव्हतं, म्हणून त्याने उसनवारी करून स्वतःचं विमान घेतलं आणि बरंचसं आपलं आपणच शिकून घेतलं. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना १९३२ मध्ये हातात आला. तो मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. पुढच्याच वर्षी डॉ. आल्बर्ट फोर्साइथ यांच्याबरोबर त्यांनी अटलांटिक किनाऱ्यापासून लॉस एंजेलिसपर्यंत आणि तिथून परत असा प्रवास विमानाने केला. पुढे टस्कीगीतून बाहेर पडलेल्या अनेकांनी विमानाची दांडी पहिल्यांदा धरली ती याच माणसाच्या नजरेखाली.

लष्कर मात्र अजून हलत नव्हतं. १९४० ची अध्यक्षीय निवडणूक, कृष्णवर्णीय वृत्तपत्रांचा रेटा, आणि यान्सी विल्यम्स या हॉवर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने हवाई शाखेविरुद्ध उचललेलं कोर्टाचं पाऊल, असं सगळं एकत्र आलं. जानेवारी १९४१ मध्ये युद्ध खात्याने जाहीर केलं की कृष्णवर्णीयांची एक लढाऊ स्क्वाड्रन उभी केली जाईल आणि तिचे वैमानिक टस्कीगीत घडतील. एकच स्क्वाड्रन, आणि तीही पूर्ण वेगळी.

इथे एक लोकप्रिय गोष्ट तपासून घ्यायला हवी. मार्च १९४१ च्या अखेरीस अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट टस्कीगीत आल्या होत्या. त्यांनी अँडरसन यांच्या विमानात बसायचा हट्ट धरला, सुरक्षारक्षक हवालदिल झाले, पण बाई विमानात बसल्या आणि फेरी मारून हसत उतरल्या. छायाचित्र देशभर छापलं गेलं. ‘त्या फेरीमुळे टस्कीगीच्या वैमानिकांना दार उघडलं’ असं आजही सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. निर्णय दोन महिने आधीच झाला होता, आणि त्या स्क्वाड्रनची औपचारिक स्थापनाही त्या फेरीच्या आठवडाभर आधी इलिनॉय राज्यातल्या शनूट फील्डवर झाली होती. बाईंचं खरं काम दुसरंच, आणि माझ्या मते जास्त मोलाचं. ज्यूलियस रोझेनवाल्ड यांच्या नावाने चालणाऱ्या निधीच्या त्या विश्वस्त होत्या. विमानतळ बांधायला संस्थेकडे पैसे नव्हते. या निधीने १,७५,००० डॉलरचं कर्ज दिलं. फोटो लोकांच्या लक्षात राहिला, कर्ज विसरलं गेलं.

त्या कर्जातून उभा राहिला तो पहिला विमानतळ, मोटन फील्ड. संस्थेचे दुसरे प्रमुख रॉबर्ट मोटन यांचं त्याला नाव दिलं. जमीन संस्थेची, इमारती संस्थेच्या, प्रशिक्षक संस्थेच्या पगारावरचे कृष्णवर्णीय नागरिक. लष्कराने फक्त विमानं, अभ्यासक्रम आणि देखरेख करणारे अधिकारी दिले. प्राथमिक प्रशिक्षणाची ही कंत्राटी पद्धत तेव्हा देशभर होती, पण बाकीच्या ठिकाणी कंत्राटदार खासगी विमान कंपन्या असत. टस्कीगीत ते काम एका महाविद्यालयाने केलं.

मोटन फील्डवर मुलगा पहिल्यांदा ज्या विमानाला हात लावायचा ते स्टिअरमन, म्हणजे पीटी-१७. दोन मजली पंखांचं, कापडाने मढवलेलं, उघड्या कॉकपिटचं. प्रशिक्षक पुढे, विद्यार्थी मागे. सुरू करायला बटण नाही. एक जण पंखाजवळ उभा राहून लोखंडी हँडल फिरवायचा. आतलं जड चाक हळूहळू वेग घेई, त्याची घरघर चढत चढत किंचाळण्यापर्यंत जाई, आणि मग तो जोर इंजिनाला जोडला की पंखा फटकन फिरायचा. वर गेल्यावर बोलणं एकतर्फी. प्रशिक्षकाच्या तोंडाशी रबरी नळीचं टोक असे आणि दुसरं टोक विद्यार्थ्याच्या टोपीत, कानांपाशी. प्रशिक्षक वाटेल ते सुनावू शके. विद्यार्थ्याला उत्तर द्यायची सोयच नव्हती. मान हलवायची, बस्स.

स्टिअरमन हवेत गुणी होतं. त्याचे नखरे सुरू व्हायचे जमिनीवर. त्याची पुढची दोन चाकं एकमेकांच्या जवळ आणि तिसरं लहान चाक शेपटीखाली. उतरताना विमान जरा तिरकं झालं की मागचा जड भाग पुढे यायला बघतो आणि विमान जागच्या जागी गर्रकन फिरतं. पंखाचं टोक जमिनीला घासतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. चाकं टेकली म्हणजे काम संपलं, असं ज्याला वाटलं त्याची फजिती ठरलेली. आठ-दहा तासांच्या सरावानंतर प्रशिक्षक एके दिवशी मुकाट्याने पुढच्या जागेवरून उतरे आणि ‘जा’ म्हणे. हे पहिलं एकट्याचं उड्डाण. ज्यांना ते जमलं नाही ते गाळले जात. साठेक तास पूर्ण करून जे टिकले ते पुढच्या विमानतळावर.

पहिली तुकडी जुलै १९४१ मध्ये सुरू झाली: बारा कॅडेट आणि त्यांच्याबरोबर अधिकारी म्हणून कॅप्टन बेंजामिन डेव्हिस. मुलांची राहायची सोय संस्थेच्या आवारातल्या जुन्या स्नानगृहात केली होती.

दुसरा विमानतळ मोटन फील्डपासून काही मैलांवर. हा पूर्णपणे लष्कराचा: टस्कीगी आर्मी एअर फील्ड. बांधकामाचं कंत्राट नॅशव्हिलच्या मॅकिसॅक अँड मॅकिसॅक या कृष्णवर्णीय बंधूंच्या कंपनीला मिळालं. या बंधूंचे आजोबा गुलाम होते आणि बांधकाम गुलामीतच शिकले होते. जुलै १९४१ मध्ये टेकाडं सपाट करायला सुरुवात झाली. नोव्हेंबरमध्ये पहिल्या तुकडीतली उरलेली मुलं तिथे आली तेव्हा इमारती अर्धवटच होत्या. मुलं तंबूत राहिली, चिखलातून वर्गात गेली आणि तयार झालेल्या तेवढ्याच धावपट्टीवरून उडाली.

७ मार्च १९४२ ला पाच जणांच्या छातीवर वैमानिकाचे पंख लागले: डेव्हिस, लेम्युएल कस्टिस, चार्ल्स डीबो, जॉर्ज रॉबर्ट्स आणि मॅक रॉस. सुरुवात केली होती तेरा जणांनी.

आता त्या खर्चाच्या हिशेबाकडे येऊ. लष्कराच्या नेहमीच्या पद्धतीत गोरा कॅडेट एका विमानतळावर प्राथमिक शिक्षण घेई, दुसऱ्यावर मूलभूत, तिसऱ्यावर प्रगत, आणि मग चौथीकडे जाऊन लढाऊ विमानाची ओळख करून घेई. प्रत्येक विमानतळ एकाच कामात मुरलेला असे. एकाच प्रकारची विमानं, एकाच प्रकारचे सुटे भाग, एकाच वेगाने घिरट्या घालणारी मुलं. टस्कीगीत प्राथमिक टप्पा सोडला तर बाकी सगळं एकाच तळावर कोंबलं होतं. थरथरणारं बीटी-१३, त्यापेक्षा वेगवान आणि चाकं आत घेणारं एटी-६, आणि एकट्याने बसायचं लढाऊ पी-४०, ज्यात प्रशिक्षकाला जागाच नाही, त्यामुळे पहिलं उड्डाणच एकट्याचं. हे सगळं त्याच आकाशात, त्याच धावपट्ट्यांवर. १९४३ पासून दोन इंजिनांच्या विमानांचंही शिक्षण तिथेच सुरू झालं. तोफखान्यासाठी निरीक्षण करणारे वैमानिकही तिथेच घडू लागले. असा दुसरा तळ लष्कराकडे नव्हता, आणि व्यवस्थेच्या दृष्टीने पाहिलं तर असू नये असाच तो होता.

माणसांचंही तसंच. एका वैमानिकामागे जमिनीवर दहा माणसं लागतात. इंजिन दुरुस्त करणारे, पॅराशूट घडी घालणारे, रेडिओ बघणारे, मनोऱ्यात बसणारे, परिचारिका, स्वयंपाकी. ही सगळी माणसं कृष्णवर्णीयच हवीत, असा दंडक. आणि लष्कराने आजवर त्यांना हे काही शिकवलंच नव्हतं. मग अडीचशेहून अधिक जणांना शनूट फील्डवर तांत्रिक शिक्षणासाठी पाठवावं लागलं. गंमत म्हणजे तिथे त्यांच्यासाठी वेगळी शाळा काढणं परवडेना, म्हणून त्यांना बरंचसं शिक्षण गोऱ्यांच्याच संस्थेत मिळालं. पुढे बॉम्बफेकी विमानांसाठी दिशादर्शक हवे झाले तेव्हा मुलं टेक्सासमधल्या शाळांत गेली, कारण टस्कीगीत आणखी काही मावतच नव्हतं. भिंत बांधणाऱ्यांनाच तिला अशी भोकं पाडावी लागत होती.

मूळ आराखड्यात या तळावर एका वेळी पाचशे माणसं राहतील असं धरलं होतं. १९४२ च्या मध्यावरच ती संख्या सहापट झाली. पुढे जायला जागा नाही, म्हणून शिकून तयार झालेली मुलं तिथेच अडकून पडत. कृष्णवर्णीय अधिकाऱ्याला दुसऱ्या कुठल्या तुकडीत पाठवता येत नव्हतं ना!

तळावरचे वरिष्ठ अधिकारी गोरे होते. कर्नल फ्रेडरिक फॉन किंबल यांच्या काळात तळाच्या आतही जेवणाच्या आणि स्वच्छतागृहांच्या जागा वर्णाप्रमाणे वाटलेल्या होत्या. डिसेंबर १९४२ मध्ये त्यांच्या जागी नोएल पॅरिश आले. पॅरिश दक्षिणेतलेच, आधी मोटन फील्डवर देखरेखीला होते आणि मुलांना जवळून ओळखत होते. त्यांनी पाट्या काढल्या, अधिकाऱ्यांच्या क्लबात मुलांबरोबर बसू लागले, गायिका लीना हॉर्न आणि मुष्टियोद्धा जो लुई यांच्यासारख्यांना तळावर बोलावलं. दर्जात मात्र सूट दिली नाही. कॅडेट गाळण्याच्या बाबतीत टस्कीगी कडकच राहिलं. इतकं की जागा नाहीत म्हणूनच आपल्याला गाळलं, अशी तक्रार पुढे अनेकांनी केली.

या विमानतळाला सगळ्यात टोकदार विरोध झाला तो कृष्णवर्णीयांकडूनच, हे विसरून चालणार नाही. युद्धमंत्र्यांचे सल्लागार असलेले विल्यम हेस्टी, हे आधी संघराज्याच्या न्यायालयात न्यायाधीश राहिलेले नामवंत वकील, सुरुवातीपासून सांगत होते की मॅक्सवेलमध्ये मुलांना घ्या, वेगळा तळ नको. एकदा वेगळा तळ बांधला की भेदभावाला सिमेंटचा पाया मिळतो, असा त्यांचा मुद्दा. टस्कीगी संस्थेचे अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन यांचं म्हणणं उलट: आत्ता जे मिळतंय ते घ्या, मुलं उडू द्या, बाकीचं नंतर. जानेवारी १९४३ मध्ये हेस्टींनी राजीनामा दिला. कोण बरोबर? तत्त्वाने हेस्टी, यात मला शंका नाही. पण १९४१ मध्ये पॅटरसन यांनी नकार दिला असता तर लष्कराने सुटकेचा निःश्वास टाकला असता आणि विषय संपला असता, हेही तितकंच खरं.

शिकागोपासून न्यूयॉर्कपर्यंतची मुलं इथे आली त्यांना तळाबाहेरचं अलाबामाही शिकावं लागलं: बसमध्ये मागे बसायचं, गावातल्या पोलिसाशी नजर खाली ठेवून बोलायचं. त्याच मॅकन काउंटीत १९३२ पासून सरकारी आरोग्य खातं सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांवाचून ठेवून रोगाचा ‘अभ्यास’ करत होतं. तो प्रकार १९७२ पर्यंत चालला. वैमानिकांचा त्याच्याशी संबंध नाही. दोन्ही गोष्टींची गल्लत पुष्कळदा होते, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

युद्धातली कामगिरी थोडक्यात. डेव्हिस यांच्या हाताखाली ती पहिली, म्हणजे ९९ वी स्क्वाड्रन एप्रिल १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेत गेली. सुरुवातीला ‘यांच्यात लढाऊ वृत्ती नाही’ असा अहवाल वर गेला. डेव्हिसना वॉशिंग्टनला येऊन त्याला उत्तर द्यावं लागलं. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत अँझिओवर या स्क्वाड्रनने दोन दिवसांत डझनभर जर्मन विमानं पाडली, तेव्हा ती चर्चा थांबली. पुढे ३३२ वा लढाऊ गट म्हणून ही मुलं लाल शेपटाच्या पी-५१ मधून बॉम्बफेकी विमानांना संरक्षण देत. मार्च १९४५ मध्ये बर्लिनच्या मोहिमेवर त्यांनी तीन जर्मन जेट विमानं पाडली. ‘त्यांनी एकही बॉम्बर गमावला नाही’ ही दंतकथा साठ वर्षं चालली. हवाई दलाचे इतिहासकार डॅनियल हॉलमन यांनी दप्तरं तपासली तेव्हा आकडा निघाला २७. ते ज्या हवाई सेनेत होते तिच्यातल्या इतर संरक्षक गटांची सरासरी होती ४६. दंतकथेपेक्षा हा खरा आकडा मला जास्त बोलका वाटतो.

दोन इंजिनांवर शिकलेल्यांचा ४७७ वा बॉम्बर गट मात्र लढाईपर्यंत पोहोचलाच नाही. त्याला एका तळावरून दुसऱ्यावर हलवत राहिले. एप्रिल १९४५ मध्ये इंडियानातल्या फ्रीमन फील्डवर अधिकाऱ्यांचे क्लब वर्णावरून वेगळे केले गेले. त्या नियमाच्या कागदावर सही करायला नकार दिला म्हणून १०१ कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांना अटक झाली. शिक्षा झालेल्या एकमेव अधिकाऱ्याच्या नावावरचा डाग १९९५ मध्ये पुसला गेला.

टस्कीगीतून एकूण ९९२ वैमानिक बाहेर पडले. शेवटची तुकडी जून १९४६ मध्ये निघाली आणि १९४७ पर्यंत लष्करी तळ बंद झाला. त्याच वर्षी पॅरिश मॅक्सवेलमधल्या अधिकाऱ्यांच्या महाविद्यालयात होते. तिथे त्यांनी प्रबंध लिहिला तो हवाई दलातल्या वर्णभेदावरच, आणि तो मोडीत काढावा अशी सरळ मांडणी केली. जुलै १९४८ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यात समान वागणुकीचा आदेश काढला. सगळ्यांत आधी हललं ते हवाई दल. १९४९ मध्ये त्याने डेव्हिस यांचा वेगळा गट मोडून त्यातली माणसं इतर तुकड्यांत वाटून टाकली. न्यायबुद्धी जागी झाली असेलही, पण दलातल्या अधिकाऱ्यांची कागदपत्रं वाचली तर त्यांत जास्त जागा व्यापली आहे ती वाया जाणाऱ्या माणसांनी, अडकून पडलेल्या वैमानिकांनी आणि दुहेरी खर्चाने. डेव्हिस १९५४ मध्ये अमेरिकी हवाई दलाचे पहिले कृष्णवर्णीय जनरल झाले. टस्कीगीत प्रशिक्षक राहिलेले डॅनियल जेम्स १९७५ मध्ये चार ताऱ्यांपर्यंत पोहोचले.

अलाबामाला जाणं झालं तर मोटन फील्ड जरूर पाहा. २००८ पासून ते राष्ट्रीय स्मारक म्हणून खुलं आहे. एक हँगर जुनंच आहे, दुसरं १९८९ मध्ये जळालं होतं ते पुन्हा बांधलं आहे, आणि शेजारच्या धावपट्टीवर आजही गावची लहान विमानं उतरतात. प्रवेश फी नाही. कार्व्हर यांचं संग्रहालय तिथून काही मैलांवर, संस्थेच्या आवारात आहे. ते उघडं आहे का याची आधी चौकशी करा आणि दोन्ही एकाच दिवशी बघा. मोठा लष्करी तळ मात्र शोधत बसू नका. तिथल्या इमारती गेल्या आहेत आणि जागा लोकांसाठी खुली नाही.